राजसीचं दार

आमच्या चिखलोलीच्या बिल्डिंगमध्ये दिवसा कुणाचं दार बंद नसतं. असलंच, तर घरात काहीतरी बिनसलंय असं आम्ही धरून चालतो. समोरच्या मीनलची राजसी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभर जर्मनीतल्या एका घरी राहून, तिथल्या शाळेत शिकून आली, आणि आल्यापासून त्यांचं दार बंद. परवा मी अळूवड्या घेऊन गेले, तर चक्क बेल वाजवावी लागली. दार जरासं उघडून ती म्हणाली, “काकू, आधी मेसेज करायचा ना!”

माझं डोकंच फिरलं. हिला मी मांडीवर झोपवलंय, आणि मी मेसेज करू? डिश तिच्या हातात कोंबली आणि परत फिरले.

संध्याकाळी ती डिश द्यायला आली, पण बसेचना. खिडकीशी जा, दाराशी ये, मोबाइल उचल, ठेव. मग आपणहूनच बोलायला लागली. तिथे ती खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवायची, कुणीतरी डोकावेल म्हणून. घरातली बाई यायची आणि ते हळूच लावून जायची.

“बंद दाराची सवय होईपर्यंत वर्ष संपलं, काकू. आता दार उघडं असलं की कोणीही येईल म्हणून धडधडतं. आणि लावलं की कोणीच येणार नाही म्हणून.”

आज बघितलं, तर समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं. लॅच लागू नये म्हणून फटीत तिची चप्पल अडकवलेली. मी बेल वाजवली आणि वाट न बघता आत शिरले.