नकाशावर शिंपडलेलं पाणी

"अल्ली इडु," सेक्रेटरी म्हणाले. तिथं ठेव.

बोट खालच्या पायरीकडं होतं. त्या पायरीवर लोक चपला काढायचे. अप्पांनी आमच्या घराचा नकाशा त्या पायरीवर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला दोन खडे ठेवले आणि हात जोडून मागं सरकले. मग सेक्रेटरींची बायको तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं तळहातावर पाणी घेतलं आणि नकाशावर शिंपडलं. तीनदा. त्यानंतर सेक्रेटरींनी दोन बोटांनी कोपरा धरून तो कागद उचलला.

सोसायटीचा नियम होता, नवं बांधकाम नकाशात लाल रंगानं भरायचं. तो रंग पाण्यातला. थेंब पडले आणि आमच्या भिंती वाहायला लागल्या. स्वयंपाकघराची भिंत हॉलमध्ये आली. मागची भिंत हद्दीची रेघ ओलांडून शेजारच्या साइटीत, म्हणजे दुसऱ्याच्या प्लॉटात, शिरली. मी बघत होते. मला सोळावं लागलं होतं, अर्ज माझ्या हातचा होता, कन्नड, इंग्रजी दोन्ही मला येत होतं. आणि तरी मी अप्पांसारखेच हात जोडून उभी राहिले.

आठ दिवसांनी नकाशा परत आला. शेरा होता: नकाशा डागाळलेला, स्वीकारता येत नाही.

आता मुळापासून सांगते.

आम्ही चांभार. आजोबा लष्कराच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे, म्हणून आमचं बिऱ्हाड बेंगळूरच्या छावणीलगत, अलसूरच्या गल्लीत. दारात कन्नड, बाजारात तमिळ, चुलीपाशी मराठी. अप्पा एका मोठ्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवायच्या खात्यात होते. बेंगळूरात मराठी माणसाच्या नावामागं राव लागतोच, तसा अप्पांच्याही लागला होता. कुणी जात विचारली नाही, अप्पांनी सांगितली नाही. लपवली असं मी म्हणणार नाही. विचारणाऱ्यानं विचारलं नाही, एवढंच.

साठ साल उलटलं होतं. नोकरदारांच्या एका सोसायटीनं बसवनगुडीच्या पलीकडं शेतजमीन घेऊन साइटी पाडल्या होत्या. डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, त्यात अप्पांचा नंबर निघाला. कोपऱ्याची साइट. अप्पा त्या दिवशी कामावरून चालत आले, बसनं नाही. आईला म्हणाले, "आता पाणी आपल्या नळाचं." आमच्या गल्लीत चौदा बिऱ्हाडांना एक नळ होता, आणि त्यातही आमची पाळी शेवटची.

नियम मात्र ढीगभर. दोन बाजूंना पाच-पाच फूट मोकळं सोडायचं. पत्र्याचं छप्पर चालणार नाही. कंपाउंडची उंची अमुक, रंग तमुक. घरात धंदा करायचा नाही. नकाशा आधी सेक्रेटरींच्या घरी नेऊन दाखवायचा, त्यांनी बघितल्याशिवाय तो कमिटीपुढं जाणार नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, दोन वर्षांत पाया घातला नाही तर साइट सोसायटी परत घेणार.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सेक्रेटरी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. एका कचेरीत हेडक्लार्क. अप्पा माझ्याशी दोन शब्द मराठीत बोलले आणि त्यांनी चटकन मान वर केली.

"अरे, आपलेच की तुम्ही. बसा बसा. अहो, कॉफी आणा, आपली माणसं आलीत."

त्यांचे पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या बरोबर इकडं आले. हे त्यांनी तीनदा सांगितलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आमच्याही निम्मं कन्नड. कॉफी स्टीलच्या लोट्यातून आली. त्यांची बायको अप्पांना म्हणाली, "घ्या अण्णा, साखर स्वल्प कमी झाली असेल." मला तिनं चकलीचा तुकडा दिला, हातात. अप्पांनी लोटा दोन्ही हातांनी धरला होता. मी पहिल्यांदाच अप्पांना परक्या घरी खुर्चीवर बसलेलं बघत होते.

सेक्रेटरींनी नकाशा मांडीवर घेऊन बघितला. संडास चुकीच्या कोपऱ्यात होता, तो हलवायला सांगितला. रास्त होतं. परत गेलो, तेव्हा खिडकी शेजाऱ्याच्या देवघरासमोर येते म्हणाले. तेही बरं म्हटलं. अप्पा परत येताना बसमध्ये म्हणायचे, "माणूस कडक आहे, पण सरळ आहे."

आणि मग अप्पांनी ती चूक केली. चूक तरी कशी म्हणू?

नकाशाच्या घड्या पडत होत्या. घडीवर रेघ पुसते आणि मग सेक्रेटरी नाक मुरडतात, हे अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी चार संध्याकाळी बसून नकाशा ठेवायला कातड्याची नळी शिवली. हातभर लांब. टोपण, बक्कल, खांद्याला पट्टा. टाके इतके बारीक की आई म्हणाली, "मुंग्यांनी घातलेत की काय?" अप्पांनी त्या नळीला तेल लावलं, रविवारी स्वच्छ धोतर नेसले आणि नळी खांद्याला अडकवून निघाले. लग्नाला निघाल्यासारखे.

सेक्रेटरींनी नळी हातात घेतली. बक्कल उघडलं, लावलं, परत उघडलं. "वा. मिलिटरीतली दिसते. कुठं मिळाली हो?"

अप्पांनी छाती पुढं काढली. "मिळाली कुठली? मीच शिवली."

"तुम्ही?"

"पिढीजात काम आमचं," अप्पा म्हणाले. हसत म्हणाले.

मी सेक्रेटरींचं तोंड बघत होते. राग आला नाही त्यांना. काहीच आलं नाही. त्यांनी नळी हळूच खाली सोडली, हात धोतराला पुसले, आत गेले. आत नळ वाहिल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ आला. बाहेर आले ते उंबऱ्याच्या आतच थांबले आणि अप्पांना म्हणाले, "स्वल्प दूर निल्लु."

जरा लांब उभा राहा. कन्नडमध्ये, आणि 'अहो'चा 'अरे' करून.

त्या दिवसापासून तो माणूस आमच्याशी मराठीत बोलला नाही. शहाजीराजांपासून चालत आलेली भाषा एका नळीत बसली आणि टोपण लागलं. कातडं त्यांच्या चपलेचं होतं, घड्याळाच्या पट्ट्याचं होतं, ते चालत होतं. शिवणारा हात तेवढा चालत नव्हता.

त्यानंतर पायरी, खडे, तांब्या. पहिला नकाशा भिजला. दुसरा काढला, तोही भिजला. त्यावर शेरा आला: बांधकाम हद्दीच्या पाच फुटांत येते. यायचंच, लाल रंग वाहत गेला होता ना तिथपर्यंत. ताकद बघा लेखणीची. तिसऱ्यावर पुन्हा, डागाळलेला. नकाशा काढून देणारा ड्राफ्ट्समन मला म्हणाला, "अक्का, तुम्ही यावर भांडी घासता का?"

तिसऱ्या वेळी ऊन फार होतं. सेक्रेटरींची बायको तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडं बघून सवयीनं बोलून गेली, "उन्हात उभी राहू नको गं." मराठीत. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि पाणी शिंपडलं. मला वाटतं, त्या बाईला कळत होतं. कळून शिंपडलं. ते जास्त लागतं.

दोन वर्षं भरायला महिना उरला होता. मी अप्पांना म्हटलं, "पाणी तेच शिंपडतात आणि डाग पडला म्हणून परतही तेच करतात. हे आपण सांगायचं कमिटीत."

"नको पोरी. साइट जाईल."

"अशी तरी कुठं राहतेय?"

"पाण्यानं काय होतं? सुकतं पाणी," अप्पा म्हणाले. आणि डोळे पुसले. त्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुडाखालच्या सीटा शिवल्या. स्वतःला बसायला एवढी एक जागा हवी होती त्याला. मला ते कळत होतं. तरी माझ्या डोक्यात जे पेटलं होतं ते विझेना.

कमिटी रविवारी एका शाळेच्या वर्गात बसायची. अर्जदारांनी दाराबाहेर उभं राहायचं. आमचा नंबर पुकारला. सेक्रेटरींनी टेबलापलीकडून जमिनीकडं बोट केलं. "अल्ली इडु."

मी नवा, कोरडा नकाशा हातात धरून टेबलापाशी गेले. "हातात घ्या," मी मराठीत म्हटलं.

ते कन्नडमध्ये म्हणाले, खाली ठेव.

"पहिल्या दिवशी मराठीत बोलला होतात. कॉफी पाजली होतीत. मराठीतच सांगा, खाली का ठेवू?"

अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे इंजिनिअर, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ही मुलगी काय म्हणते? तेव्हा मी कन्नडमध्ये बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खांद्यावरच्या नळीतून तिन्ही भिजलेले नकाशे काढले आणि टेबलावर पसरले. दोघांनी खुर्च्या मागं घेतल्या.

"तुमच्या मिनिट बुकात दोनदा लिहिलंय, नकाशा डागाळलेला. डाग कशाचा ते लिहा. पाण्याचा. पाणी कुठल्या घरी पडलं ते लिहा. कुणी शिंपडलं, का शिंपडलं, तेही लिहा. बाकी काही मागत नाही मी."

"याव नीरु?" अध्यक्षांनी विचारलं. कसलं पाणी?

सेक्रेटरींनी पेन उचललं. परत ठेवलं. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक ओळ होती, की शिवाशिव पाळणं हा गुन्हा आहे. ती ओळ मला पाठ होती. त्यांना माझ्याहून पाठ होती, हेडक्लार्क होते ते. खरं लिहिलं तर पेच, खोटं लिहिलं तर मी समोर उभी. पहिल्यांदाच त्या माणसाला माझ्याकडं बघावं लागलं.

आणि तेवढ्यात अप्पा आत आले. चपला बाहेर काढून.

"तप्पायतु सार," ते म्हणाले. चुकलं साहेब. "लहान आहे, समजत नाही." माझ्या हातातला कोरडा नकाशा त्यांनी काढून घेतला, वाकले, जमिनीवर पसरला. खडे नव्हते, म्हणून माझ्या खांद्यावरची नळी काढून त्यावर ठेवली. मग हात जोडून मागं सरकले, पायरीवरून सरकायचे तसेच.

सेक्रेटरींना सुटल्यासारखं झालं. ते मला दिसलं. माझ्याच बापानं त्यांना सोडवलं.

मी वाकले, नकाशा उचलला, नळी उचलली, टेबलावरचे तिन्ही गोळा केले. "अप्पा," मी म्हटलं, "हा कागद पुन्हा खाली जायचा नाही." आणि बाहेर पडले. अप्पा मागून आले. बसमध्ये ते शेजारी बसले नाहीत.

साइट गेली. मुदतीत पाया घातला नाही, या कारणानं गेली. पत्र स्वच्छ होतं, एकही डाग नव्हता. आई म्हणाली, "चार दिवस वाकली असतीस तर नळ आपला असता." बरोबर म्हणाली, तिला पहाटे रांगेत उभं राहावं लागायचं. अप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते अधूनमधून रविवारी तिकडं जायचे, कोपऱ्यावर दुसऱ्याचं घर चढताना बघायचे आणि परत यायचे. जेवताना सांगायचे, "आज खिडक्या बसवल्या." अलसूरच्या त्याच खोलीत ते गेले. शेवटच्या आजारात एकदाच त्यांनी विषय काढला. "नळीचे टाके सुटले नाहीत ना?" मी म्हटलं, "एकही नाही." त्यांनी डोळे मिटले.

मी शिकले, नोकरी केली. पण इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायला हात उचलते आणि हात तिथंच थांबतो. डोळ्यांपुढं लाल भिंती वाहायला लागतात. कधी स्वप्नात अप्पा पायरीपाशी वाकलेले दिसतात, खडे शोधत असतात आणि खडे सापडत नाहीत. बापाच्या हातातलं घर मी घालवलं की त्या पाणी शिंपडणाऱ्यांनी? किती वर्षं मी स्वतःलाच विचारत राहिले. आता विचारत नाही. हा प्रश्न मी ज्याचा त्याला परत करतेय.

तीन नकाशे माझ्याकडं आहेत. त्या नळीतच. प्रत्येकाच्या पाठीवर मी लिहिलंय, कुणाच्या पायरीवर, कुणाच्या तांब्यातलं पाणी, आणि का. मिनिट बुकात जे लिहायला त्यांचं पेन धजलं नाही, ते मी लिहिलंय आणि खाली सही केलीय. आणि जिथं जिथं असं टेबल मांडून बसलेली माणसं बोटानं जमीन दाखवतील, तिथं मी हे घेऊन जाणार आहे. मी खाली ठेवणार नाही. मी हात पुढं करून उभी राहीन. कागद हातात घ्या, आणि वाचा.