चार नंबरचा वारा

दोन दिवस धनसिंगकाकांच्या वहीचा फोटो आला नाही म्हणून मी चिडले होते. तिसऱ्या सकाळी ऑफिसात बसल्या बसल्या मेसेज टाकला, "काका, नोंद?" उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. बापू परवा गेले, छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. समोरच्या पडद्यावर उद्याच्या वाऱ्याचे बाण सरकत होते आणि फोनवर माझा तो मेसेज तसाच दिसत होता. पुसून टाकावा असं वाटलं, पण मुलानं तो वाचलेला होता. मला अजून त्याची लाज वाटते.

काका शिरड शहापूरच्या पलीकडच्या तांड्यावरचे शेतकरी. चार वर्षांपूर्वी तिथल्या माळावर आमच्या कंपनीनं वारा मोजायचा उंच खांब उभा केला आणि त्याची राखण काकांकडे आली. मी मूळची हिंगोलीची, नोकरी पुण्यात. पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे संगणकाकडून काढून घ्यायचं, हे माझं काम. पुढच्या चक्कीनं मागच्या चक्कीचा वारा अडवू नये, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं. संगणकातलं मॉडेल आधीच्या वाऱ्याच्या नोंदी वाचून शिकतं. पण माळावर खांब एकच, आणि उताराउतारावरचा वारा निराळा. म्हणून मी सात जागी बांबू रोवून त्यांना कापड बांधायला सांगितलं. काकांनी सकाळ-संध्याकाळ फेरी मारायची, कापडाकडे बघायचं, मंद, मध्यम की जोरात ते वहीत लिहायचं आणि पानाचा फोटो पाठवायचा.

हे समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मंग त्या मशीनला कुणी चुकीचं सांगितलं तं?" मी म्हटलं, तर ते चुकीचंच शिकेल. "व्हय का," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. तेव्हा मला तो हुशार माणसाचा प्रश्न वाटला होता. आता काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही...

कारण माणूस भलताच काटेकोर होता. एकदा तापानं पडले तर तीन दिवसांचे रकाने कोरे. मला घाई होती, मी म्हटलं, आधीच्या दिवसांचंच लिहून टाका, काय फरक पडतो. "न्हाई पाहिलं तं न्हाई लिवणार, ताई." मी फणकाऱ्यानं फोन ठेवला आणि नंतर ऑफिसात सगळ्यांना तोच किस्सा कौतुकानं सांगत सुटले. वीज पडून खांबावरचं यंत्र बंद पडलं तेव्हा तर महिनाभर आमचं मॉडेल काकांच्या वहीवरच चाललं होतं. त्या वहीत चार नंबरच्या बांबूपुढे कायम 'मंद' असायचं. मॉडेलनं ती जागा सोडून दिली, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

काकांना जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा मी तांड्यावर भेटायला गेले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चक्क्यांचा शेवटचा नकाशा पाठवायचा होता. काकांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, चहा केला. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी नकाशाच उघडून बसले. म्हटलं, काकू, चार नंबर म्हणजे तुमचं जुनं खळं, ते चक्कीपासून वाचलं. तिथं वाराच नाही.

काकूंनी कप खाली ठेवला. "कोण म्हणलं? वारा नसंल तिथं कुणी खळं करतं का? सारी जिंदगी मी तिथंच उपणलं."

मी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यातली पोरगी. धान्य वाऱ्यावर सोडून भुसा वेगळा करतात, आणि म्हणून खळं वाऱ्याच्या वाटेवरच असतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मला काकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

आम्ही दोघी बाकीच्या सहा बांबूंवरून वळसा घेत खळ्याकडे निघालो. उन्हं उतरली होती. वाटेतल्या बांबूंवर पातळ कापडं फडफडत होती. खळ्यातल्या बांबूला मात्र आरसे आणि कवड्या टाचलेली वीतभर रुंद पट्टी बांधलेली होती. काकूंनी ती हातात घेतली. "ही तं माझ्या जुन्या ओढणीची. मी किती धुंडून राहिले होते." पट्टी एवढी जड, की जेमतेम हलत होती. मी ती सोडली आणि माझी ओढणी बांधली. ती झटक्यात आडवी झाली आणि तशीच राहिली.

म्हणजे खळं वाचवायला काका खोटं लिहीत होते? तापातसुद्धा रकाना कोरा ठेवणारा माणूस? की काकूंच्या जागेवर काकूंचं कापड मायेनं बांधलं आणि मग ते जसं हललं तसं इमानानं लिहिलं? कापडाकडे बघा, असं मीच तर सांगितलं होतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मला काय म्हाईत, थ्रेशर आल्यावर उपणणं बंद झालं तरी रोज सांजच्याला हितं येऊन बसायचे. रोज बसायचे, म्हणजे वारा तोंडावर घेतच बसायचे... मग त्यांना ठाऊक होतंच की. यापुढे मला जाता येत नाही. इतक्यांदा विचार केला आणि दर वेळी इथंच अडकले.

"मंग आता हितं पंखा लावणार का?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी माझी ओढणी सोडून माझ्या हातात दिली आणि पट्टी परत बांबूला बांधली.

सोमवारी मी ऑफिसला कळवलं की चार नंबरच्या नोंदी धरता येणार नाहीत, ती जागा नव्यानं मोजावी लागेल, तोवर नकाशा थांबवा. काकांच्या वहीबद्दल हे वाक्य मला लिहावं लागलं. आता तिथं यंत्र बसेल. ते चांगला वारा आहे म्हणालं, तर नकाशात खळ्यावर चक्की मलाच काढावी लागणार. काकूंनाही फोनवर हेच सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

वही काकूंनी खळ्याकडे निघतानाच मला दिली होती. ती माझ्या टेबलावर आहे आणि तिचं शेवटचं पान माझ्या हातचं आहे. त्या संध्याकाळी खळ्यावरून उठायच्या आधी मी फेरीची नोंद लिहायला घेतली होती. सहा जागांचं पटापट लिहून झालं. चार नंबरशी पेन थांबलं. पट्टी हलत नव्हती म्हटलं तरी चाललं असतं, आणि वारा माझे केस तोंडावर आणत होता. काका बसायचे तिथंच बसून मी थोडा वेळ डोळे मिटले. मग 'मंद' नाही, 'जोरात'ही नाही, चारच्या रकान्यात मी लिहिलं : कवड्या वाजत होत्या.