गोड्या पाण्याचे दोन डबे

मी तोंडानं फटकळ बाई. तलवाड्यात कोणालाबी इचारा, वच्छलाबाईच्या पोटात काही राहत न्हाई म्हणतील. पण एक गोष्ट मी सव्वीस वर्सं पोटात ठिवली, आन तीबी घरच्याच माणसापासून.

आमचे मालक पेंटर. घरं रंगवणारे न्हाईत, गाड्या रंगवणारे. सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात होते. ट्रॅक्टर, ट्रक, संचालकांच्या जीपा, सगळ्यावर ह्यांचाच हात. रंग असा द्यायचे की पत्र्यात बघून माणसानं भांग पाडावा. मला त्याचा लई टेंभा होता, खोटं कशाला बोलू.

सत्याऐंशी साली चेअरमन अर्जुनरावांची अँबेसिडर रंगवायला काढली. मोळी टाकायच्या दिवशी, म्हंजे उसाचं गाळप सुरू होतं त्या दिवशी, बाहेरून मोठे पाहुणे येणार होते आन त्यांच्यापुढं गाडी नव्यासारखी दिसायला पायजे होती. कारखान्यात धूळ लई, म्हणून ह्यांनी गाडी आमच्या घरामागच्या छपरात आणली. जुना रंग खरवडला, खड्ड्यांत लांबी, म्हंजे पुट्टी, भरली, वर प्रायमर मारला. आता प्रायमर वाळला की तो पाणी लावून खरखरीत कागदानं घासावा लागतो, तवा वरचा रंग सपाट बसतो. हे पाणी गोडंच लागतं. खाऱ्या पाण्यानं घासलं की मीठ आत राहतं. रंगाखाली ते दिसत न्हाई, पण हवेला ओल आली की रंग फुगतो आन फोड येतात. हे मला ह्यांनीच शिकवलेलं.

पण गोडं पाणी आणायचं कुठून? दुष्काळ पडलेला. आड आटले होते. बोरचं पाणी इतकं खारं की हंड्याला पांढरा थर बसायचा आन डाळ दिसभर चुलीवर ठिवली तरी शिजायची न्हाई. हे सायकल घेऊन गंगेवर गेले. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. तिथल्या विहिरीचं दोन डबे पाणी आणलं, छपरात झाकून ठिवलं आन मला बजावलं, ह्याला हात लावू नको. कारखान्यात मशिनीची कामं निघालती, तिथं दोन दिवस मुक्कामाला गेले.

त्याच दिवशी माझ्या वरसाच्या लेकीला, मुक्तीला, हगवण लागली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. रडायचीबी ताकद राहिली न्हाई. दवाखान्यातल्या बाईनं साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजत राहा म्हणून सांगितलं. बोरचं पाजलं की पोरगी ओकायची. छपरात दोन डबे झाकलेले. मी झाकण काढलं.

तिसऱ्या दिवशी हे आले तवा पोरगी हसत होती आन डबे बोरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेले होते. सांगायचं ठरवलं होतं मी. पण हे जेवायला बसले, आज डाळ कशी मऊ शिजली म्हणाले, हात धुतला आन लगेच बादलीत कागद बुडवला. मी दारात उभी. आता सांगते, मग सांगते, असं करता करता अर्धं बॉनेट घासून झालं. त्या वक्ताला सांगितलं असतं तर नुसता प्रायमर पुन्हा मारावा लागला असता. माझ्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

अश्विनात दोन सरी पडून गेल्या. मोळीच्या दिवशी गाडी मांडवापुढं उभी, आन बॉनेटभर बारीक फोड. अर्जुनरावांनी पाहुण्यांच्या देखत एक फोड अंगठ्यानं दाबला. तो फुटून पाणी आलं. ते म्हणाले, "धोंडीराम, माझ्या गाडीला देवी निघाल्या का बे?" सगळे हसले. मी बायकांत बसले होते, मला सगळं ऐकू आलं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ह्यांना वर्कशॉपातून काढलं आन वजनकाट्यापाशी उभं केलं, हातात काठी देऊन. उसाच्या बैलगाड्या रांगेत लावायच्या, बस. गाडीवान लोक देवीवाला पेंटर म्हणायचे. हे उलटून कधी बोलले न्हाईत. रंग फवारायची गन मात्र कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. कोणी लोखंडी पेटी रंगवून मागितली तरी म्हणायचे, माझ्या हाताला खोट हाय. ते ऐकलं की आजच सांगायचं, असं मी ठरवायचे. पण जितके दिस जात गेले तितकं सांगणं अवघड झालं.

कारखाना पुढं बंद पडला. दोन हजार तेराच्या दुष्काळात तिथलं भंगार निघालं, त्यात ती अँबेसिडर होती. बाभळीखाली सडत पडलेली, चाकं मातीत रुतलेली. ह्यांनी ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली. मी कपाळाला हात लावला. अठ्ठावन्न वर्सांच्या माणसाला हे काय सुचलं म्हणून तोंड सोडलं. हे म्हणाले, "एकदा नीट करून बघतो. पुन्हा फोड आले तर गन आडात टाकीन. नाव घेणार न्हाई मग." 

चार महिने हे त्याच छपरात. गंज घासला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, लांबी भरली. वाळलेल्या लांबीवरून डोळे मिटून तळवा फिरवायचे, कुठं उंच, कुठं खोल. माळ्यावरची गन काढून रॉकेलमधी धुतली. पहिल्यांदा हवा सोडली ती छपराच्या कुडावर, मग गाडीवर. प्रायमर असा बसला की कुठं ओघळ न्हाई.

मग आला घासायचा दिवस. टँकर आठ दिवसाला येई, घरटी दोन पिंपं. हे बोरवर गेले, दोन बादल्या भरून आणल्या.  मी म्हणलं, पिंपातलं गोडं घ्या. हे हसले.

"मुक्तीची माय, तवा गंगेचं पाणी वापरलं तरी फोड आले. पाण्यानं काही होत न्हाई. खोट हाताचीच होती. आन प्यायचं पाणी गाडीला लावलं तर गाव तोंडात शेण घालील."

झालं. माझ्या त्या एका गप बसण्यानं हा माणूस आपली इद्यासुदीक इसरला होता. आता पुन्हा फोड येणार, गन आडात जाणार, आन हे मरेपर्यंत सोताच्या हातालाच शिव्या देणार.

हे कागद आणायला घरात गेले. मी एक बादली लिंबाच्या झाडाला ओतली, पिंपातून भरून जागेवर ठिवली. दुसरी ओतायला गेले तर हे मागं उभे. काय चाललंय म्हणून इचारलं. मला वाटलं काहीतरी थाप मारावी.  पण मी खाली बसले आन सगळं सांगितलं. डबे, मुक्ती, बोर.

ह्यांनी हातातला कागद खाली ठिवला. मग म्हणाले, "दोन्ही डबे पोरीनं पिले?"

तिथंबी खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," म्हणलं, "एवढंसं लेकरू किती पिणार? मीबी पिले. लई दिसांनी गोडं पाणी समोर होतं. आन डाळ शिजवली."

"जी मी खाल्ली?"

"दोन वाट्या."

ह्यांनी बोरची बादली लाथेनं उलथी केली. लग्नाला इतकी वर्सं झाली, ह्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पोरीला पाजलं त्याचं काही न्हाई. पण सव्वीस वर्सं मी ह्या हाताला चोर समजलो. कावून सांगितलं न्हाईस?"

 मी रडले. हे गाडीत जाऊन बसले, सीट नसलेल्या नुसत्या पत्र्यावर, आन सोताचे दोन्ही तळवे बघत राहिले. ऊन उतरलं तरी उठले न्हाईत. मला वाटलं आता गाडीबी गेली आन आपला संसारबी.

दिवस कलताना बाहेर आले. रिकामी बादली माझ्यापुढं सरकवली.

"भर. आन आधी चाखून दे."

मी पिंपातून बादली भरली, ओंजळीत घेऊन एक घोट चाखला आन दिली. मग दुसरी. चार दिवस घासणं चाललं, दर बादली चाखून. शेजारची ताराबाई कुडावरून म्हणाली, पेंटरच्या घरी पाणी लई झालंय वाटतं. मी म्हणलं, माझ्या वाट्याचं देते, तुझं न्हाई. खरंच माझ्या वाट्याचं दिलं. पुढचा टँकर येईपर्यंत मी बोरचंच पिले, पोट बिघडलं तरी.

रंग दिला. तो पुरता वाळल्यावर ह्यांनी बॉनेटवर ओलं पोतं टाकलं. खाली मीठ असलं तर ओलीनं फोड उठणारच. पोतं वाळू द्यायचं न्हाई, तीन दिवस. ते तीन दिवस आमच्या दोघांचा जीव टांगणीला. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी पोतं एका कडेनं हळूहळू उचललं. मी तर डोळेच मिटले होते.  मग ह्यांनी माझं मनगट धरून हात बॉनेटवर ठिवला. गार आन गुळगुळीत. कुठंच काही न्हाई. डोळे उघडले तर पत्र्यात आमी दोघं दिसत होतो आन हे रडत होते.

गाडी अजून दारात हाय. गावातले लोक आता आपल्या गाड्या घेऊन येतात आन ह्यांचा हात रिकामा राहत न्हाई. पण जेवायला बसल्यावर मी तांब्या पुढं केला की हे आजबी इचारतात, "चाखलंस का?" पोरं हसतात, त्यांना वाटतं म्हातारा चेष्टा करतो.  मी तांब्या उचलून आधी एक घोट घेते, मग त्यांना देते.