तांब्यातल्या तेरा चिठ्ठ्या

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं अंगणात मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. मी आणि मार्था, माझी बायको. वर्षाच्या चटणीची मिरची, वाळून कडकडीत झालेली. मार्था सुपात घेऊन काढत होती, मी पोत्यावर. तिचा हात सरसर चालायचा, माझा अडायचा.

"गवंड्याचा हात हाय न्हवं," ती म्हणाली, "दगूड पायजे त्येला."

असं ती रोजच काहीतरी बोलायची.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. पण मला मिरच्यांचं सांगायचं नाही. जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – पाद्रीसाहेबांना नाही, चर्चमध्ये गुडघ्यावर बसून नाही, मार्थाला तर नाहीच. देवाला? त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात. म्हणून त्यालाही सांगितलं नाही. पावणं, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला सांगतो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, मिशनच्या शाळेत, तेही मिसरूड फुटल्यावर. जमेल तसं लिहितो.

कोल्हापुरात गाठीची साथ, प्लेग, पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. शाहूपुरीची पेठ तेव्हा नुकती बसत होती आणि मी तिथल्या वखारींच्या भिंतींवर कामाला होतो. आमच्या चर्चच्या तरुण मंडळींचा मी पुढारी. शहाणा म्हणून नव्हे. शहाणी पोरं दुसरी होती, इंग्रजी वाचणारी. माझा आवाज मोठा, म्हणून. पाद्रीसाहेब बोलले की लोक ऐकायचे. मी बोललो की लोक उठायचे. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. तसं नसतं तर बरं झालं असतं.

महाराजांच्या सरकारनं लोकांना गाव सोडायला लावलं, शेतात झोपड्या उभ्या केल्या. आजाऱ्यांच्या झोपड्या वेगळ्या, लांब, भोवती काट्यांचं कुंपण. आत पाणी द्यायला माणूस मिळेना. सख्खा भाऊ भावाजवळ जाईना. पाद्रीसाहेबांनी रविवारी ते सांगितलं, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत मी उभा राहिलो.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं. "आपुन न्हाय तर कोन? चला. मी तुमच्या म्होरं हाय."

तेरा जण उठले. मी धरून चौदा.

आठवड्याला दोघांनी आत जायचं, आठ दिवस राहायचं. मग आठ दिवस वेगळ्या झोपडीत काढायचे आणि नंतर घरी. कुणाची पाळी कधी, यावरून मनं वाकडी व्हायला नकोत म्हणून साहेबांनी चिठ्ठ्यांची रीत घातली. प्रभूच्या शिष्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यांनी आम्हाला शिकवलं. चिठ्ठीत माणसाची मर्जी नसते, देवाची असते. दर रविवारी प्रार्थना करून दोन चिठ्ठ्या काढायच्या. निघालेली नावं, माणूस घरी आला की, परत आत टाकायची. नावं लिहायची मी, पुढारी म्हणून. काढायच्या मार्थानं. तिला वाचता येत नव्हतं, मग शंकेला जागाच नाही. पितळी तांब्या, त्यावर रुमाल. ती डोळे मिटायची आणि हात घालायची.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठं चाललो आहे. तरी मला सरळ तिथं जाता येत नाही. जरा थांबा.

त्या रविवारनंतर, चिठ्ठ्या काढायच्या आधीच्या शुक्रवारी, मी कुंपणाजवळ झोपड्यांच्या मेढी रोवायला गेलो होतो. तिथं माझ्याबरोबर चुना कालवणारा एक गडी पडला होता. काखेत गाठ. हात अंगापासून लांब धरलेला – जसा काही तो हात त्याचा नाहीच. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळखलं नाही. आईला हाक मारून पाणी मागत होता. माझ्याजवळ पाण्याचं मडकं होतं. मी ते कुंपणाच्या आत ठेवलं. पण त्याचा हात पोचेल इतकं जवळ ठेवलं नाही. ठेवलं, आणि मागं न बघता चालू लागलो.

शनिवारी दुपारी मी चौदा चिठ्ठ्या लिहिल्या. तेरा तांब्यात टाकल्या. चौदावी पागोट्याच्या घडीत खोचली.

झालं. एवढंच. वीस वर्षं जे पोटात धरलं ते कागदावर एक ओळसुद्धा भरत नाही.

रविवारी ते पागोटं डोक्यावर घेऊन मीच प्रार्थना केली. मोठ्यानं. सोमवारी चिठ्ठी चुलीत टाकली. त्यानंतर माझ्या नावाची चिठ्ठी मी लिहिलीच नाही.

कुणी मोजल्या नाहीत. पुढाऱ्यानं केलेलं कोण मोजतो? आठवडे गेले, माझं नाव येईना, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की, "प्रभूला तुम्ही बाहेर हवे आहात, माणसं उभी करायला." मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. आणि मी खरंच माणसं उभी करत राहिलो. एकाची आई आडवी आली, तिला समजावून मीच पाठवला. एक जण परत येऊन रडायला लागला, त्याला मीच पुन्हा उभा केला. त्यांचे जेवणाचे डबे मी कुंपणापर्यंत नेत होतो. कुंपणापर्यंत.

मार्थाचा धाकटा भाऊ शमुवेल. आम्ही शामू म्हणायचो. मलकापूरला त्यांचे आईबाप गेले आणि तो आमच्याकडंच वाढला, माझ्या हाताखाली गवंडीकाम शिकला. भिंत माझ्यापेक्षा सरळ घ्यायचा आणि तसं तोंडावर सांगायचाही. पहिल्या दिवशी जे तेरा जण उठले त्यात पहिला तोच. माझं बोलणं ऐकून उठला.

चौथ्या रविवारी त्याची चिठ्ठी निघाली. गेला, आठ दिवस राहिला, धडधाकट परत आला. मार्थानं कोंबडं कापलं.

मग तीन रविवार मध्ये गेले, आणि मार्थानं हात घातला, आणि मी चिठ्ठी उघडून वाचली – शमुवेल. माझा आवाज अडला नाही. स्वच्छ वाचलं. मार्थाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

शामू हसला. "दाजी, देवाला माझंच नाव पाठ झालंया वाटतं. तुमचं जरा शिकवा की त्येला."

सगळे हसले. मीही हसलो.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. 'थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. 'एक चिठ्ठी कमी आहे.' तोंड माझंच होतं, आवाज मोठा होता. मी म्हणालो, "प्रभूची निवड." आणि सगळे आमेन म्हणाले.

पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. मी कुंपणाजवळ गेलो. तो झोपडीच्या तोंडाशी भिंतीला टेकून बसला होता.

"दाजी, लांबच ऱ्हावा," तो म्हणाला. "ताईला सांगा, हितं भाकरी झ्याक मिळती."

"आनि काय सांगू?"

"सांगा, दाजीनं प्रार्थना केली. लई मोठ्यानं."

हसला की खोकला, ते लांबून कळलं नाही. मी प्रार्थना केली. मोठ्यानं केली. तो दोन दिवसांनी गेला. तिथंच पुरला, चुन्यात. तो चुनाही मीच पोचवला होता, माझ्याच कामावरचा.

एखादा म्हणेल, तुझी चिठ्ठी असती तरी त्याचीच निघाली असती. असेल. मी हे स्वतःला इतके वेळा सांगितलं आहे की आता त्यात काही उरलं नाही. मार्थाच्या बोटांखाली त्या वेळी माझा कागद असता की नसता, हे मला कधीच कळणार नाही. तो तिथं नव्हता, हे मला ठाऊक आहे.

मार्था वेडी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. महिनाभर ती उजव्या हातानं जेवली नाही. डाव्या हातानं खायची, आणि मी बघायचो. मग एका रविवारी चर्चमधून आली आणि म्हणाली, "म्या न्हाय काढली ती. देवानं हात धरला माजा." त्या दिवसापासून ती उजव्या हातानं जेवायला लागली. पुढच्या सगळ्या साथींत चिठ्ठ्या तिनंच काढल्या. त्या साथींतही माझं नाव तांब्यात नव्हतं. मग वय झालं, तरुण मंडळींना नवा पुढारी आला आणि माझं नाव घालायचा प्रश्नच उरला नाही.

मी मनाशी म्हणायचो – तिच्यासाठी गप्प आहे. खरं सांगितलं तर देव तिच्या हातून निघून जाईल, आणि मग त्या हातात काय राहील? ऐकायला बरं वाटतं. पण ते खोटं आहे. मी माझ्यासाठी गप्प होतो. मार्थानं माझ्याकडं कसं पाहिलं असतं, ते मला बघायचं नव्हतं. बस.

आता पुन्हा शुक्रवार.

सूप निम्मं झालं होतं. यंदाही साथ आली आहे, तरुण मंडळी पुन्हा झोपड्यांवर जाते आहे, त्यावरून ती बोलत होती. बोलता बोलता थांबली.

"एक इचारू?"

"इचार की."

"इतक्या साथी आल्या न् गेल्या. माझ्या हातनं तुमची चिठ्ठी एकदाबी न्हाय निघाली."

मी मिरचीचं देठ मोडलं. दुसरं मोडलं.

"देवाला तुमास्नी माझ्यापाशी ठिवायचं हुतं," ती म्हणाली. "व्हय न्हवं?"

आणि माझ्याकडं बघत राहिली. सूप मांडीवर, हात थांबलेला. घाई काहीच नव्हती. अंगणात आम्ही दोघंच होतो.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा देठं काढायला घेतली. ती विचारत होती का सांगत होती? तिला ठाऊक होतं का? केव्हापासून? मला माहीत नाही. तिनं दार उघडं धरलं होतं, एवढं दिसलं. मी गेलो नाही. दिवेलागणीच्या आधी तिच्या छातीत कळ आली, भिंतीला पाठ लावून बसली, पाणी मागितलं. मी पाणी आणलं. या वेळी हाताशी दिलं. तिनं ते प्यायलं नाही.

शनिवारी मूठमाती दिली. लोक बरेच आले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवार. मी आंघोळ केली, पागोटं बांधलं आणि चर्चला गेलो. उपासना झाल्यावर तरुण मंडळींचा हल्लीचा पुढारी पितळी तांब्या घेऊन माझ्याकडं आला. तोच तांब्या. चिठ्ठ्या त्यांनी तिथंच सगळ्यांसमोर लिहिल्या, आणि पहिली त्यानं स्वतःच्या नावाची लिहिली, ती मी पाहिली.

"काका, मावशी न्हाईत आता," तो म्हणाला. "तुमीच काढा. आनि दोन शब्द बोला पोरास्नी. पैल्या साथीत तुमीच म्होरं हुता न्हवं."

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बोललो. तेच बोललो. आपण नाही तर कोण. चला. कुठं थांबायचं ते तोंडाला पाठ होतं. एकीनं पदरानं डोळे पुसले.

मग तांब्यात हात घातला. डोळे मिटायचे असतात ते मी विसरलो. चिठ्ठी काढली, उघडली, नाव वाचलं. मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला.

"प्रभूची निवड," मी म्हणालो. सगळे आमेन म्हणाले. दुसरी काढली, तीही वाचली.

घरी आलो. सूप अंगणातच पडलं होतं. खाली बसलो आणि उरलेल्या मिरच्यांची देठं काढली.