शिकागो ते निलंगा: मी सांगितलेले पंधरा तास

निलंग्याच्या बसस्थानकात हैदराबादची एसटी लागली. खिडकीतून माझा हात धरून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, विचारलं, "किती तास लागतेत रं तितं जायाला?" मी म्हणालो, "पंधरा." दिल्ली ते शिकागो विमान हवेत असतं, तेवढाच वेळ. बारा हजार किलोमीटर हा आकडा तर मी काढलाच नाही. हैदराबादचा रस्ता, तिथून दिल्ली, विमानतळावरचं ताटकळणं, सगळं गाळलं. तिला धीर यावा म्हणून, असं तेव्हा वाटलं. खरं तर धीर मला हवा होता.

आप्पा, माझे वडील, मागं उभे होते. लातूर जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "जिल्हा जवळ आला आन् तू लांब चाललास."

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात आप्पा गेले. दिवेलागणीची वेळ होती. मी फोनवर म्हणालो, "निघतो." अव्वानं बोटांवर तास मोजले आणि सगळ्यांना सांगितलं, सकाळी दहाला थोरला येतोय.

आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात. भस्म लावलेले, मांडी घालून भिंतीला टेकवलेले आप्पा ओसरीवर माझी वाट बघत राहिले. दहा वाजले, बारा वाजले. जमलेल्या पाहुण्यांना पाजता पाजता शेजाऱ्यांनी टँकरचं भरून ठेवलेलं पाणी संपलं. चुलते वैतागले, "वैनी, अमेरिका काय हितल्या औरादच्या पल्याड हाय व्हय?"

"पंधरा तास म्हणलाय त्यो. खोटं कशाला बोलंल?"

चार वाजता मी विमानातून उतरून फोन लावला. धाकट्या भावानं विचारलं, "कुठं हायस?"

"दिल्लीत."

"आजून दिल्लीतच?"

"दिल्लीत हाय म्हणतोय," त्यानं मागं वळून सांगितलं. मागून अव्वाचा आवाज आला, "उचला मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तेव्हा फक्त माती होती. अव्वा रडली नाही. म्हणाली, "दीड दिवस म्हणला असतास, तर दीड दिवस थांबलो असतो की रं."

माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, घरच्यांना अंतर कमी करून सांगू नका. ती माणसं त्यावर विसंबून बसतात.

अव्वा आता लातूरला भावाकडं असते. मला घर उरलंय ते रविवारच्या फोनपुरतं. "बरा हायस का?" ती विचारते. बरा आहे, म्हणतो. ती म्हणते, "सूनबाईकडं दे." मी फोन बायकोच्या हातात देतो आणि ती माझ्याबद्दल काय सांगते ते ऐकत शेजारी बसून राहतो.