निळ्या दाताचा राजा आणि माझा अध्यक्षीय समारोप

‘यंत्रांची नावे आली कुठून?’ या कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान निपाणीच्या एका वाचनालयाने देऊ केले, तेव्हा मी त्याच दिवशी होकार कळवला. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला असे बोलावणे फार दिवसांनी आले होते. शिवाय बेळगाव आणि खानापूर पाहायचे राहिले होते.

पुण्याहून कोल्हापूर आणि तेथून तासाभरात निपाणी. कर्नाटकाच्या बसवरील पाट्या कन्नडमध्ये असतात. वाहकाला विचारावे, तो मराठीत सांगतो. गावात शिरताच तंबाखूचा उग्र दर्प येतो. दोन शिंकांनंतर त्याची सवय होते. यजमान आप्पा हे जैन व्यापारी. त्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी, म्हणून कार्यक्रम दुपारी तीनला.

शेवटच्या वक्त्या सुनंदाआक्का. बसस्थानकाजवळ त्यांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. हातात वहीचे दोन कागद होते.

“ब्लूटूथ म्हंजे निळा दात. हजार वर्सामागं डेन्मार्कात एक राजा हुता. त्याचा एक दात किडून निळा पडलाता. त्यानं भांडणारी माणसं एका राज्यात जोडली...”

सभागृहात हशा पिकला. पहिला कागद संपताच मी अध्यक्षांची घंटा वाजवली. त्यांची पाच मिनिटे अद्याप शिल्लक होती. घड्याळ माझ्यासमोरच होते.

समारोपात मी ठणकावून सांगितले, की यंत्रावर निळा दिवा लुकलुकतो म्हणून ते नाव पडले; दुकानातल्या गप्पांना व्युत्पत्ती म्हणत नाहीत. टाळ्या पडल्या. आक्कांनी हात वर केला.

“आक्का, अध्यक्षांच्या मागनं कुणी बोलत न्हाय. बसा,” आप्पा म्हणाले.

हा संकेत मला ठाऊक होता. त्याच्याच आधारावर मी इतका निर्धास्त बोललो होतो. आक्कांनी दुसरा कागद घडी करून पिशवीत ठेवला. शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी विचारले, “झालं व्हय गं एवढंच?”

संध्याकाळी तवंदी घाट ओलांडून बेळगावला पोहोचलो. मुक्कामाची खोली हजाराच्या आत मिळाली. सकाळी किल्ला पाहिला, तिथली मिठाई म्हणून बशीभर कुंदा मागवला आणि या लेखात आक्कांचा गमतीदार उल्लेख करावा म्हणून फोनवर माहिती शोधली. राजा खरा होता. त्याचे टोपणनाव खरे होते. यंत्रे जोडणाऱ्यांनी माणसे जोडणाऱ्याचे नाव उचलले होते, आणि फोनवरची ब्लूटूथची ती चमत्कारिक खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन प्राचीन आद्याक्षरे होती. माझे श्रवणयंत्र रोज सकाळी त्याच खुणेखाली फोनशी जोडले जाते. निळ्या दिव्याची उपपत्ती मी कोठेही वाचलेली नव्हती; बोलता बोलता रचली होती.

कुंदा बशीत तसाच राहिला. खानापूर रद्द करून निपाणीची बस धरली.

आक्का भिंगाखाली फोन उघडून बसल्या होत्या. “आलासा व्हय सर? घंटा इसरली व्हय हितं?”

“आपण बरोबर होता. मी चुकलो.”

“ठावं हाय की.” त्यांनी मान वर केली नाही. “दुकान बंद ठेवून आलते मी. सासूबाई पैल्यांदाच माझं ऐकायला आलत्या. जाताना म्हनल्या, एवढ्या मोठ्या सरांनी चूक काढली, आता गप दुकान बघ.”

“मी त्यांना स्वतः सांगतो.”

“त्या सकाळीच गेल्या लेकीकडं, खानापूरला.”

मग त्याच म्हणाल्या, “लिव्हा की. तुमचं लोक वाचत्यात न्हवं? त्यास्नी मी वाचून दावते.”

मी दुसरा कागद मागितला. चार्जरच्या खोक्याखालून काढत त्या म्हणाल्या, “छापायचा तर हाय तसा. लाल शाई लावायची न्हाय.”

आता पुण्यात आहे. घाट आठवतो, तंबाखूचा दर्पही आठवतो. पण डोळे मिटले की दिसते ती कागदाची घडी. अज्ञान मला पचवता आले असते. शिल्लक पाच मिनिटे पाहून वाजवलेली घंटा पचत नाही.

सासूबाई, आपल्या सूनबाईंची चूक नव्हती. माझी होती. अध्यक्षांनंतर कोणी बोलू नये असा संकेत आहे, म्हणून ते आसन मी येथे सोडतो. दुसऱ्या कागदाचा शेवट, आहे तसा:

“दात किडला हुता म्हणून त्यो राजा ध्यानात ऱ्हायला. ज्यांचे समदे दात धड हुते, त्यांची नावं कुणाला ठावं हाईत?”