भडंगाचा डबा पाठीला बांधून

विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरीनं माझ्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तिला शिंकांची माळच लागली. लसूण मी जरा सढळ हातानं घातला होता.

"इसमें क्या है?"

"भडंग. खाके देखो."

मागं उभा असलेला माझा मुलगा जमिनीत शिरायला जागा शोधत होता. "आई, पिशवीत भर म्हणालतो की तुला. पत्र्याचा डबा कोण आणतंय विमानात?"

"पिशवीत मऊ पडतंय."

हे मी खोटं बोलले. आम्ही कोल्हापूरकर भडंग जन्मभर पिशवीतनंच नेत आलोय, त्याला काही होत नाही. मला भडंग न्यायचंच नव्हतं. मला डबा न्यायचा होता. रिकामा डबा घेऊन निघाले असते तर घरच्यांनी दारातच अडवलं असतं, म्हणून त्याच्या पोटात भडंग भरलं.

डबा कशाला, तेही सांगते. माझं माहेर राधानगरीकडचं. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायचं म्हणजे पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. डबा बुडू देत नाही, पोर हातपाय मारतं आणि वर उभा असलेला माणूस शिव्या देतो. मला चुलत्यांनी शिकवलं. डबा बांधून मी बेडकासारखी पोहायची. मग ते एकदा म्हणाले, "येत्या रविवारी डबा काढू या." तो रविवार यायच्या आत आईनं जाहीर केलं, की पोरगी आता मोठी झाली, विहीर बंद. म्हणजे मला पोहता येतं, पण डब्यासकट. नातवंडाची आज्जी झाले तरी तेवढ्यावरच अडकलेली. गुडघे पूर्ण संपावर जायच्या आत एकदा भरपूर पाण्यात पोहायचं, एवढंच मनात होतं. हे घरात सांगितलं असतं तर मुलानं आधी इंटरनेटवर काहीतरी वाचलं असतं, मग डॉक्टरांना फोन केला असता आणि शेवटी मला झाडाखाली खुर्ची टाकून दिली असती.

तशी समुद्राची माझी एक संधी पूर्वी येऊन गेली होती. ती कुणी हिसकावली नाही, मीच माझ्या हातानं घालवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरचं सगळं खटलं ट्रकमध्ये बसून घाटाखाली कोकणात समुद्र बघायला गेलं. पायांत सगळ्यांच्या चामड्याच्या कोल्हापुरी चपला. त्या खाऱ्या पाण्यात भिजल्या की फुगतात आणि वाळल्यावर पापडासारख्या वाकड्या होतात. तेव्हा चपलांजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. कुणी काही म्हणायच्या आत मी पुढं झाले. "मी थांबते की."

सासूबाई म्हणाल्या, "अगं ए पोरी, चल की तू बी! चपलांस्नी काय पाय फुटत्यात व्हय?"

"नको आत्याबाई. तुम्ही जावा."

काय ती माझी मान खाली, काय तो डोक्यावरचा पदर आणि काय ते हसू! मला वाटत होतं, अख्खा किनारा माझ्याकडे बघतोय आणि मनात म्हणतोय, सून असावी तर अशी. प्रत्यक्षात माझ्याकडे एक कुत्रं सोडून कुणीही बघत नव्हतं. मी आदर्श सून होण्यात गुंग असताना त्या कुत्र्यानं सासऱ्यांची डावी चप्पल पळवली. परतताना सासरे एका पायात चप्पल घालून ट्रकमध्ये चढले, आणि मी घाट संपेपर्यंत तोंड लपवून बसले. एवढ्यावर शहाणं व्हावं की नाही? पुढं नृसिंहवाडीला गेलो, तिथंही सगळे संगमात उतरले आणि मी घाटावर चपला राखल्या. फक्त या वेळी काठी घेऊन.

तर यंदा मुलानं सुट्टीत अंदमान काढलं. तिथल्या एका लहान बेटावर, किनाऱ्यालगत तंबूत राहायचं. आम्ही चौघं, म्हणजे मुलगा, सून, नात आणि मी. आमचे हे आले नाहीत. म्हशीला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही म्हणाले, आणि म्हशीलाही तसंच वाटत असावं.

दोन विमानं आणि एक बोट बदलून पोचलो. पाहते तर काय, नारळाखाली तंबू, झावळ्यांच्या आडोशाचं न्हाणीघर, विहिरीचं पाणी बादलीनं काढायचं, पंखा नाही आणि फोनला रेंज नाही. मुलगा छाती फुगवून उभा. "बघ आई, एकदम रस्टिक!"

मी नातीला विचारलं, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे गावाकडच्यासारखं, आज्जी."

"मग गावाकडंच का नाही गेलो? उसाच्या कडेला आपली खोप हाय की तशीच."

सून तोंडाला ओढणी लावून हसली. मुलाला राग आला, पण त्यानं तो हातोडीनं तंबूच्या खुंटीवर काढला आणि मग अंगठा चोखत बसला.

समुद्र मात्र बघत राहावा असा होता. लाट म्हणून नाही, हिरवं-निळं पाणी आणि तळाची वाळू स्वच्छ दिसते. आमची विहीर याच्यापेक्षा भीतिदायक होती.

आता डबा रिकामा करायला हवा होता. मी जाता-येता सगळ्यांच्या हातावर भडंगाची मूठ ठेवायला लागले. "खावा रे, दमलाय." "खा गं, वाळलीस." मुलगा बायकोला म्हणाला, "आई इथं आल्यापासून किती मायाळू झालीय बघ." मी मान खाली घातली. ते जुनं हसू अजून जमतं मला. पण संध्याकाळच्या समुद्री वाऱ्यानं घात केला. माझं खोटं खरं झालं आणि भडंग मऊ पडलं. नात म्हणाली, "आज्जी, हे चावलं की पुसायच्या फडक्यासारखं लागतंय." त्यानंतर कुणी हात लावेना. अर्धा डबा भरलेला. अन्न फेकायला हात उचलेना, आणि रिकामा केल्याशिवाय समुद्र मिळेना. मी डबा मांडीवर घेऊन अशी बसले होते, जसं काही घरात कुणीतरी आजारी आहे.

वाचवलं तिथल्या स्वयंपाक्यानं. बंगाली दादा होते. त्यांनी डब्यात डोकावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुरी!" म्हणजे त्यांच्याकडचे चुरमुरे. त्यांनी सगळं भडंग कढईत कोरडं परतलं, वर कांदा, मिरची, ओल्या खोबऱ्याचे काप आणि मोहरीचं कच्चं तेल. मी म्हटलं, "दादा, मिरची मत डालो, उसमें हमारा चटणी है." ते हसले. सगळ्या बंगालला तिखट काय ते माहीत आहे असं ते हसू होतं. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबले नाहीत. कॅम्पमधले इतर पावणंही पुढं आले. बघता बघता डबा रिकामा झाला. मी तो धुऊन, पुसून तंबूमागं नेला, झाकणाच्या कडेला मेणबत्तीचं मेण ओतलं आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी मी घरूनच आणली होती, मोज्यात घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाण्याकडे निघाले. मुलगा आणि नात पळत पुढं गेले. सून थांबली. आम्हा सगळ्यांच्या चपला तिनं ओळीनं मांडल्या, ओढणी सावरली आणि म्हणाली, "तुम्ही झाडाखाली बसा आई. मी थांबते की चपलांजवळ."

मान खाली, आणि तेच हसू. हे मी तिला कधी शिकवलं होतं?

मी तडक नारळामागं गेले आणि साडी सोडली. आत सकाळपासूनच मुलाची जुनी ट्रॅकपँट आणि ह्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. डबा पाठीला आवळला आणि बाहेर आले. सुनेचं तोंड उघडंच राहिलं.

"आई! हे काय?"

"शिक्षण पुरं करायचं राहिलंय," मी म्हटलं आणि चालू लागले.

पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. गुडघे एकदम मुके झाले. मी हात पुढं टाकले आणि पाय उचलले. विसरलं नव्हतं काहीच! त्याच बेडकासारखे पाय. थोडं पुढं जाऊन उताणी झाले, कान पाण्यात गेले आणि जग बंद झालं. वर नुसतं आभाळ. चुलत्यांच्या शिव्या तेवढ्या कमी होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्यातनं कसलीतरी धडपड ऐकू आली. डोकं वळवून बघते तर मुलगा, चष्मा घातलेला, शर्टसकट, हात आपटत माझ्या शेजारून समुद्राकडे निघालेला. "आई! आई गं! थांब, आलो!"

"कुठं चाललास रे?" मी विचारलं.

त्याला ऐकूच गेलं नाही. तो तसाच पुढं गेला, आणि दूर उन्हात चमचमणारं काहीतरी मिठी मारून परत आला. मला बघून त्याचे डोळे फिरले. त्याच्या मिठीत माझा डबा होता. ट्यूबची गाठ सुटून वाऱ्यानं तो वाहत गेला होता, आणि काठावरून त्यांना वाटलं होतं की आईच वाहत चाललीय.

"हा डबा इथं," तो धापा टाकत म्हणाला, "तर तू कशावर तरंगतीयास?"

त्यानं विचारायला नको होतं. ते कळताक्षणी मी दगडासारखी बुडाले. नाकातोंडात खारं पाणी गेलं, मी देवाचं नाव घेतलं, आणि पाय वाळूला टेकले. पाणी छातीएवढंच होतं. उभी राहून खोकले, नाक शिंकरलं, मुलाला म्हटलं, "आता गप्प बसायचं," आणि पुन्हा पाय उचलले. डब्याशिवाय. नात काठावरून ओरडत होती, "आज्जी तरंगतीय! पप्पा, डब्याशिवाय तरंगतीय!" चुलत्यांचा रविवार असा उगवला.

एवढ्या गडबडीत सूनही पाण्यात धावत आली होती, कमरेपर्यंत, ओढणीसकट. रडवेली झालेली. "आई, मला पोहायलासुद्धा येत नाही हो! मी काय केलं असतं?"

"ये इकडं."

मी मुलाच्या हातातनं डबा घेतला आणि तिच्या पाठीला बांधला. या वेळी गाठ डबल मारली. ती थरथरत होती, पण थोड्या वेळानं तिचे पाय आपोआप सुटले आणि ती हसायला लागली. मान वर करून, तोंडभर. आणि तेवढ्यात तिची नजर काठावर गेली. भरती लागली होती. ओळीनं मांडलेल्या चपलांपैकी माझी कोल्हापुरी लाटेवर बसून ऐटीत निघाली होती.

"आई! चप्पल! तुमची चप्पल चालली!"

मी तिचं तोंड धरून दुसरीकडं वळवलं.

"जाऊ दे तिला. तू हात मार."